'मनाला लावून घेऊ नकोस' : मनाचे आजार आणि आपली मराठी

पुणे जिल्ह्यात 'येरवडा' या शब्दाला गावाच्या नावापलीकडे दोन अर्थ आहेत. एक कारागृह, दुसरा मनोरुग्णालय. बोलण्याच्या ओघात यांपैकी कोणता अभिप्रेत आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. 'ह्याला आता येरवड्यालाच पोचवायला पाहिजे' हे वाक्य शिरूर-दौंडकडे पारावर, एस.टी.त, कॉलेजच्या कट्ट्यावर हसत हसत म्हटले जाते, आणि ज्याच्याविषयी म्हटले जाते तोही बहुधा हसतो. मुंबईकडे याच कामासाठी 'ठाणे' वापरतात. येरवड्यातल्या त्या परिसराला तर लोक सरळ 'मेंटल कॉर्नर' म्हणतात. महाराष्ट्रातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार : ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांपैकी येरवड्याचे अडीच हजारांहून अधिक मंजूर खाटांचे, म्हणजे एखाद्या बऱ्यापैकी खेड्याएवढे. तेथून नगर रस्त्याने वाघोली, लोणीकंद, पेरणे फाटा असे करीत भीमा ओलांडली की कोरेगाव भीमा लागते. अंतर पंचवीस किलोमीटरांच्या आसपास. (वाघोलीच्या वाहतुकीत सापडलात तर ते किती वेळाचे, हे मात्र कोणी सांगू नये.)

या रस्त्यालगतच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आम्ही काही जण आहोत. आमचे विद्यार्थी दोन प्रकारचे. काही भीमाकाठच्या ऊसवाल्या शेतकऱ्यांच्या घरचे. काही कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूर येथील भाड्याच्या खोल्यांतून येणारे. त्यांचे आईवडील मराठवाड्यातून, विदर्भातून कंपन्यांमध्ये काम शोधत आले आणि इथेच राहिले. काही मुले स्वतःच कॉन्ट्रॅक्टवर रात्रपाळी करून सकाळी 'साहित्यविचारा'च्या तासाला बसतात. वैद्यकशास्त्रातला आमचा अधिकार शून्य आहे. परंतु मनाचे आजार हा जगभरच्या सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या प्रश्नाचा एक तुकडा आमच्या विषयाच्या अंगणात येऊन पडतो असे आम्हांला वाटते. तो तुकडा म्हणजे भाषा. ज्याला काही होते आहे तो ते कोणत्या शब्दांत सांगतो, ऐकणारा ते कोणत्या शब्दांत ऐकतो, आणि या दोन शब्दांची गाठ पडते की नाही?

आकडे थोडक्यात सांगून मोकळे होऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगात दर आठ माणसांमागे एक, म्हणजे सुमारे ९७ कोटी माणसे कोणत्या ना कोणत्या मनोविकारासह जगत होती. २०२५ साली तिने हा आकडा १०० कोटींच्या वर गेल्याचे सांगितले. देशोदेशींची सरकारे आरोग्यावरच्या खर्चातला साधारण २ टक्के भाग यासाठी ठेवतात. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मनोविकार असल्याचे आढळले, आणि उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के निघाले. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही दुसरा एक आकडा महाराष्ट्राकडे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी कार्यालयाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्यांच्या संख्येत आपले राज्य देशात पहिले होते : २२,७४६. त्यांत १,७६४ विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही पहिले.

उपचारांपर्यंत माणसे पोचत नाहीत याची कारणे अनेक. डॉक्टर नाहीत, पैसा नाही, रजा मिळत नाही. एक लाख लोकांमागे या देशात एकाहूनही कमी मनोविकारतज्ज्ञ आहे. त्यातले बहुतेक शहरांत. हे सारे खरे. पण डॉक्टरकडे जाण्याच्या आधी एक पायरी असते. माणसाला स्वतःशीच म्हणता यावे लागते की मला काहीतरी होते आहे. ताप आला तर हे वाक्य आपोआप सुचते. मनाच्या बाबतीत मराठीत ते सहज सुचत नाही, आणि याचे कारण आपल्या भाषेच्या इतिहासात खोल गेलेले आहे.

मराठीने मनाविषयी थोडे लिहिले आहे असे कोणी म्हणणार नाही. संतांनी मनाशी आयुष्यभर संवाद केला. समर्थांनी तर दोनशे पाच श्लोक मनालाच उद्देशून रचले, आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ते तोंडपाठ करायला लावले गेले. बहिणाबाई चौधरींची मनावरची कविता ज्याला येत नाही असा मराठी माणूस विरळा. या सगळ्या थोर परंपरेत मनाचे रूप काय आहे? मन चंचल आहे, ओढाळ आहे, ऐकत नाही. त्याला समजवावे, दटावावे, आवरावे, वळण लावावे. म्हणजे मन हे उनाड पोर किंवा मोकाट जनावर. ही प्रतिमा साधनेच्या संदर्भात उचितच आहे, तीत काही उणे नाही. अडचण अशी की हीच प्रतिमा संदर्भ सोडून घराघरांत उतरली. शरीर आजारी पडते, मन मात्र बिघडते, बहकते, हट्टाला पेटते. आजारी माणसाची शुश्रूषा करतात. हट्टी पोराला रागावतात. म्हणून अंथरुणातून उठवत नाही अशा मुलीला आपण जे सांगतो ते सगळे आज्ञार्थी असते : मन घट्ट कर, मनावर घे, मनाला आवर, आणि सर्वांत प्रेमाने सांगितलेले, 'मनाला लावून घेऊ नकोस'. लावून घेणारी तीच. लागलेले काढायचेही तिनेच. या वाक्यात आजाराला जागाच नाही.

मग लोक आपले दुखणे सांगतात तरी कसे? ते मनाचे नाव घेत नाहीत, शरीराचे घेतात. जीव घाबरा होतो. जिवाला घोर लागतो. काळजात धस्स होते. छातीत धडधडते, डोक्याला मुंग्या येतात, अंगातले त्राण गेल्यासारखे होते, अन्न गोड लागत नाही, कशात जीव रमत नाही, करमत नाही. शब्दांची ही श्रीमंती पाहून आम्ही थक्क होतो. यातले 'करमत नाही' पाहा. एकटेपणा, कंटाळा, उदासी, परक्या जागेचे ओझे, एवढे सगळे त्या एका क्रियापदात आहे, आणि ते नेहमी नकारातच जोराने येते. सासरी नव्याने गेलेली मुलगी, कंपनीसाठी परमुलखात आलेला पोरगा, मुले परदेशी गेलेला म्हातारा, सगळे हेच म्हणतात. परंतु दवाखान्यात भिंतीवर लावलेल्या तक्त्यात हा शब्द नसतो. तिथे 'नैराश्य', 'चिंताविकार', 'छिन्नमनस्कता', 'भावनिक अस्थैर्य' असतात. हे पारिभाषिक शब्द चुकीचे नाहीत; शास्त्राला काटेकोर शब्द लागतात. पण 'नैराश्य' हा शब्द वाचून कोरेगावातल्या बाईला 'हे माझ्याबद्दल आहे' असे वाटत नाही. तिच्या मते निराश माणूस म्हणजे ज्याची आशा फोल ठरली तो. आपण आशा केली होती असे तिला आठवतही नाही.

एका विद्यार्थिनीची आई एकदा विभागात आली होती. मुलगी दोन महिने वर्गात नव्हती. हजेरीचे काय करायचे, हे विचारायला. आम्ही कारण विचारले. "सर, तिचं मन लागंना कशात," त्या म्हणाल्या, "रातभर जागी असती. बोलतच न्हाई ओ. घरातली म्हनत्यात बाहेरचं काय झालं असंल." आमच्यापैकी एकाने विचारले, "दवाखान्यात दाखवलं का, ताई?" त्या म्हणाल्या, "दाखवून काय सांगू? ताप न्हाई, खोकला न्हाई." अर्जाच्या नमुन्यात कारणासाठी अर्धी ओळ होती. त्या आईने आमच्यासमोर बरेचसे रोगनिदान बिनचूक सांगितले होते : झोप नाही, बोलणे नाही, कशात लक्ष नाही, दोन महिने. पण अर्धी ओळ भरायची वेळ आली तेव्हा यातला एकही शब्द लिहिण्यासारखा आहे असे त्यांना वाटले नाही. अर्जावर 'पोटदुखी' असे लिहिले गेले. तेच पुढे रजिस्टरात गेले असणार, आणि कोणी उद्या त्या रजिस्टरावरून विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा अभ्यास केला तर त्याला या भागात पोटाचे विकार फार, असे दिसेल.

'बाहेरचं' हा शब्दही लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याला केवळ अंधश्रद्धा म्हणून झटकणे सोपे. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण गुन्हा ठरवली हे योग्यच झाले. पण त्या शब्दाचे कामही पाहावे. मन हट्टी आहे असे म्हटले की दोष मुलीचा होतो. 'बाहेरचं' म्हटले की दोष तिच्यावरून उतरतो. घरच्यांना तिच्यावर रागावण्याऐवजी तिच्यासाठी धावपळ करायची मुभा मिळते. भगत चुकीचा, उपाय घातक, हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की आपल्या सुशिक्षित 'मनाला लावून घेऊ नकोस'पेक्षा त्या अडाणी शब्दात रुग्णाविषयी अधिक दया आहे. आधुनिक उपचारांना त्या शब्दाच्या जागी बसेल असा, तितकाच निर्दोष करणारा, तितकाच घरगुती शब्द अजून मराठीत सापडलेला नाही.

'वेड' या शब्दाची कथा तर आणखी गुंतागुंतीची. मराठीच्या आरंभकाळातच महानुभावांनी रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे चरित्र लिहून ठेवले. लोक ज्याला वेडा, पिसा म्हणत तो पुरुष भक्तांच्या दृष्टीने साक्षात परमेश्वर. त्याचे विचित्र वागणे, रुसणे, खाणे, खेळणे हे सर्व त्या गद्यात विनासंकोच, प्रेमाने नोंदवलेले आहे. संतांनी भक्तीच्या तल्लीनतेला पिसे म्हटले. पुढे नाट्यवेडे आले, पुस्तकवेडे आले, ध्येयवेडे आले, आणि हे सगळे गौरवाचे शब्द झाले. समासाच्या उत्तरपदी असेपर्यंत वेडा पूज्य असतो, सुटा झाला की दगड खातो. कायद्याने १९१२ च्या 'इंडियन लूनसी ॲक्ट'मध्ये चंद्राच्या नावावरून आलेला शब्द वापरला (अमावास्या-पौर्णिमेला 'त्रास वाढतो' असे आपल्याकडेही म्हणतात), १९८७ मध्ये तो बदलला, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने तर आजारी माणसाला हक्क असलेला नागरिक मानले. 'वेड्यांचे इस्पितळ' गेले, 'मनोरुग्णालय' आले. पण लोकांच्या जिभेवर येरवडा ते येरवडाच राहिला. नुसते नाव बदलून नामुष्की जात नाही, ती नव्या नावाला चिकटते. अलीकडच्या मुलांच्या तोंडी 'सायको' आणि 'मेंटल' आहेत. आणखी काही वर्षांनी 'मनोरुग्ण'ही शिवीच होईल अशी आम्हांला धास्ती आहे. काही प्रमाणात झालाही आहे.

वर्तमानपत्रांची मराठी या सगळ्यांत सर्वांत निष्काळजी. 'जीवनयात्रा संपविली' ही शब्दरचना कोणत्या वार्ताहराने प्रथम योजली कोण जाणे. तीत मृत्यूला तीर्थयात्रेची शोभा येते. त्यापाठोपाठ साधनाचा तपशील आणि एकच एक कारण : नापास झाल्याने, मोबाईल न दिल्याने, प्रेमभंगामुळे. माणूस अशा एका कारणाने मरत नाही हे मानसशास्त्र सांगते, आणि साहित्य तर फार आधीपासून सांगत आले आहे. भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ साली या बातम्यांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या : साधन सांगू नये, उदात्तीकरण करू नये, मदतीची माहिती द्यावी. २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी-सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे, तिच्यावर मराठीत बोलता येते. हा पाच आकडी क्रमांक बातमीखाली छापायला किती शाई लागते? पत्रकारितेचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी मराठी विभागच चालवतो, म्हणून हे येथे लिहिले.

आता कोरेगाव भीमाकडे वळू. या गावाचे नाव उच्चारले की वृत्तपत्री मराठीला एकच शब्द आठवतो : 'तणाव'. तणावपूर्ण शांतता, तणाव निवळला, तणावाचे वातावरण. १ जानेवारी १८१८ ला येथे कंपनीचे सैन्य आणि पेशव्यांचे सैन्य यांच्यात लढाई झाली. तिचा विजयस्तंभ नदीपलीकडे पेरणे गावच्या हद्दीत आहे, आणि त्यावरच्या नावांत महार सैनिकांची नावे आहेत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले. तेव्हापासून या दिवशी अभिवादनाला येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. १ जानेवारी २०१८ ला, लढाईच्या द्विशताब्दीच्या दिवशी, येथे हिंसाचार झाला, एका तरुणाचा मृत्यू झाला, वाहने आणि दुकाने जळाली. नंतर चौकशी आयोग नेमला गेला, खटले झाले, देशभर वादविवाद झाले. त्या वादांत शिरण्याचे हे ठिकाण नाही. आमचे म्हणणे एवढ्या एका शब्दाविषयी आहे. 'तणाव' हा शब्द गावाला लागला की शासनाला तो कळतो. पोलीस येतात, बंदोबस्त लागतो, इंटरनेट बंद होते. तोच शब्द त्या गावातल्या एखाद्या माणसाला लागला तर? जळालेल्या दुकानाचा पंचनामा होतो. त्या दुकानाच्या माडीवर दार लावून बसलेल्या म्हातारीच्या, परतीच्या वाटेवर दगडांखाली सापडलेल्या बसमधल्या मुलाच्या भीतीचा पंचनामा कोणत्या रकान्यात करायचा? हे दोघे एकाच बाजूचे असतील असे नाही, आणि मनाच्या आजाराला बाजू नसते.

आणखी एक गोष्ट. १ जानेवारीला लाखो माणसे त्या स्तंभापाशी का येतात, याचे उत्तर इतिहासकार आपापल्या परीने देतात. आम्हांला त्यात आरोग्याचाही एक भाग दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना 'तुम्ही कोणी नाही' असे सांगितले गेले, त्यांना दगडावर कोरलेले आपले नाव वाचायला मिळते. अपमान हा मनाला होणारा आजार आहे असे म्हटले, तर स्वाभिमान हा त्यावरचा सार्वजनिक उपचार ठरतो. मानसिक आरोग्य म्हणजे गोळी आणि समुपदेशन एवढाच ज्यांचा समज आहे, त्यांनी त्या दिवशी तेथे येऊन लोकांचे चेहरे पाहावेत.

आणि हे आपले साहित्य केव्हाच सांगून गेले आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्याचा घाटच दुभंगलेला आहे : शहरातला, लिहिणारा दया पवार आणि त्याच्यासमोर बसलेला दगडू मारुती पवार. एक माणूस स्वतःलाच परका होऊन स्वतःची कहाणी ऐकतो. आपल्या समीक्षेने हे पुस्तक समाजशास्त्राचा दस्तऐवज म्हणून वाचले, विद्रोह म्हणून वाचले, भाषेसाठी वाचले. जात माणसाच्या मनाचे नेमके काय करते याची नोंद म्हणून ते वाचले जाणे अजून पुरेसे झालेले नाही. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये आषाढातल्या महारवाड्याची, अंगात येणाऱ्या बायकांची वर्णने आहेत. ती वाचताना लक्षात येते की वर्षभर जिला तोंड उघडायची परवानगी नव्हती त्या बाईच्या तोंडून त्या महिन्यात देवी बोलते, आणि ते सगळ्यांना ऐकावे लागते. मनोविकारशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा 'अंगात येणे' या घटनेचा अर्थ लागायला त्या पानांची मदत अधिक होईल.

'कोसला' शिकवताना हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, पैसे उडवतो, धाकट्या बहिणीच्या मृत्यूने आतून मोडतो, आणि पदवीशिवाय गावी परततो. पन्नासहून अधिक वर्षे मराठीचे वर्ग त्याला अस्तित्ववाद, परात्मता, निरर्थकता, देशीयता अशा शब्दांनी समजून घेत आले आहेत. ते शब्द आम्हीही शिकवतो, पुढेही शिकवू. पण रात्रपाळी करून आलेल्या एका विद्यार्थ्याने तासाच्या शेवटी विचारले, "सर, ह्याला तेव्हा कुणी विचारलं कसं नाही, की बाबा तुला काय होतंय?" वर्गात कोणी हसले नाही. हा प्रश्न कुठल्याही समीक्षाग्रंथात आमच्या वाचनात नाही. आणि तो प्रश्न पांडुरंगाविषयी कमी, स्वतःविषयी जास्त होता हे कळायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांला वजनदार वाटतो. साहित्यातल्या व्यक्तिरेखांवर रोगनिदानाच्या चिठ्ठ्या चिकटवणे हा समीक्षेचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. हॅम्लेटला कोणता विकार होता, सुधाकराला कोणता, यावर प्रबंध लिहिता येतात आणि त्यांतून ना नाटक कळते ना विकार. (आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'च्या भाषांतराला 'विकारविलसित' हे नाव दिले, त्यातला 'विकार' हा भावनेचा अर्थ घेऊन आलेला आहे, रोगाचा नव्हे. त्या एका शब्दात पूर्वी भावना आणि रोग शेजारी नांदत होते, हे मात्र चिंतनीय.) पांडुरंगाला रुग्ण ठरवणे म्हणजे त्याने जगाविषयी जे पाहिले ते खोटे ठरवणे. आमचा मुद्दा याच्या उलट दिशेचा आहे. रुग्णालयाची भाषा साहित्यात आणायला नको. साहित्यात आणि बोलीत जी भाषा आधीच आहे ती रुग्णालयापर्यंत जायला हवी.

असे जगात झालेले आहे. झिम्बाब्वेमध्ये डिक्सन चिबांडा नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने २००६ पासून हरारे शहरातल्या दवाखान्यांच्या आवारात साधी बाके ठेवली आणि त्यांवर वस्तीतल्या आज्यांना थोडे प्रशिक्षण देऊन बसवले. येणाऱ्याला त्या 'डिप्रेशन' हा शब्द सांगत नाहीत. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे, त्याचा अर्थ फार विचार करणे. आमच्याकडे 'विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली' म्हणतात, तेच. या एका शब्दापासून बोलणे सुरू होते. २०१६ साली या उपक्रमाची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिचा उपयोग होतो हे सिद्ध झाले.

इतक्या दूर जायला नको. शेजारच्या गोव्यात 'संगथ' या संस्थेने विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने 'मानस' हा प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या व्यक्तींना तयार करून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत असे साहाय्य मिळालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के बरे झाले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तेथे नैराश्यग्रस्तांपैकी कोणाची ना कोणाची मदत घेणारे आरंभी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. गावात गटागटांनी बसून या आजाराविषयी बोलणे हा त्या कामाचा मोठा भाग होता. आणि नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या आय.एल.एस. विधी महाविद्यालयातील केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात जो उपक्रम केला, त्याचे नाव पाहा : 'आत्मीयता'. ना मन, ना रोग, ना आरोग्य. हे नाव ज्याने सुचवले त्याला भाषा कळत होती.

साहित्यिकांनी या कामाला हात लावल्याचे उदाहरणही याच नगर रस्त्याच्या टोकाशी आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली त्याच रुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उभे केले. एका लेखमालेतून दवाखाना निघाल्याचे दुसरे उदाहरण मराठीत आम्हांला ठाऊक नाही. अवचटांचे गद्य कसे आहे? छोटी वाक्ये, ऐकलेले शब्द जसेच्या तसे, उपदेश जवळपास नाही. व्यसनी माणसाला 'दारुडा' न म्हणता 'पेशंट' आणि पुढे 'मित्र' म्हणायला त्या गद्याने मराठी वाचकाला शिकवले. पडद्यावर 'देवराई'ने २००४ साली, डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने, 'स्किझोफ्रेनिया' हा अवघड शब्द एका बहीण-भावाच्या गोष्टीतून घराघरांत नेला. लोकांनी 'छिन्नमनस्कता' स्वीकारला नाही आणि 'स्किझोफ्रेनिया' स्वीकारला, यात भाषाशुद्धीवाल्यांना वाईट वाटण्यासारखे असेल. आम्हांला वाटत नाही. त्या शब्दाला अजून शिवीचा वास लागलेला नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यांत आहे. तो समुपदेशक आला तर फारच चांगले. तो येण्याआधी आणि आल्यावरही मराठी विभागाने करण्यासारखे एक काम आहे, आणि ते आम्ही यंदा पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात घेतले आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या घरात, वस्तीत, कंपनीच्या फाटकावर जाऊन दुखण्याचे शब्द गोळा करायचे. बाई काय म्हणते, पुरुष काय म्हणतो. बीडकडून आलेला काय म्हणतो, इथला काय म्हणतो. तो शब्द म्हटल्यावर समोरचा पुढे काय विचारतो किंवा विषय कसा बदलतो, हेही टिपायचे. बोलीभाषांचे शब्दसंग्रह आपण शेतीचे केले, दागिन्यांचे केले, नात्यांचे केले. दुखण्याचा करायला काय हरकत आहे? तो तयार झाला की ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना, आशाताईंना द्यायचा. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. तिच्या मराठी रूपातल्या पुस्तकी शब्दांशेजारी कंसात कोणता शब्द ठेवला तर सणसवाडीतल्या बाईला उत्तर देता येईल, हे सांगण्याची पात्रता मराठीच्या विद्यार्थ्याइतकी कोणाकडे आहे?

याने डॉक्टरांची संख्या वाढणार नाही, कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी कायम होणार नाही, कर्ज फिटणार नाही. मुलांपैकी एकाने हे आम्हांला सुनावलेही : "सर, शब्द मिळाला तरी रजा मिळणार नाही." तो बरोबर बोलला. रजेच्या अर्जावर लिहायला मात्र काहीतरी मिळेल.

आतापर्यंत वह्यांत जे जमले आहे त्यात पुरुषांच्या रकान्यात एक शब्द इतरांना मागे टाकतो : 'टेन्शन'. बायकांच्या रकान्यातही तो आहे, पण त्याखाली 'जिवाला घोर', 'कासावीस', 'उबग', 'घुसमट' अशी दाटी आहे. पुरुषांच्या रकान्यात 'टेन्शन'नंतर बराचसा कागद कोरा आहे. झोप न येण्यापासून ते जगावेसे न वाटण्यापर्यंत सगळ्याला तोच एक शब्द. या कोऱ्या कागदाचे काय करायचे यावर विभागात चर्चा चालू आहे. 'टेन्शन' मराठी संग्रहात धरावा की परका म्हणून वगळावा, असाही एक वाद ज्येष्ठ सहकाऱ्यांनी काढला आहे. आमच्या मते तो धरावा, आणि पहिल्या पानावर धरावा.